पीटीचा तास आणि न सांगितलेली गोष्ट



आपल्या घरात मुलगा शाळेतून आला की आपण गणिताची, इंग्रजीची चौकशी करतो. वही उघडून पाहतो, लाल शेरा दिसला तर रागावतो. पीटीच्या तासाला काय झाले, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तो तास खेळण्याचा, मोकळा. त्यात विचारण्यासारखे काय, असे आपण धरून चालतो. आम्हीही तसेच चाललो होतो. त्याचा त्रास आमच्या धाकट्याला सोसावा लागला. म्हणून आज हा विषय घेतला आहे, आणि यात आमची स्वतःची चूकही लपवायची नाही असे ठरवले आहे.

धाकटा तेव्हा सातवीत होता. ऑक्टोबर महिना, विदर्भातले ऊन. पीटीचा तास दुपारच्या सुट्टीनंतरचा. आदल्या दिवशी पांढरे कॅनव्हासचे बूट धुतलेले, ते वाळले नव्हते. पोरगा चपला घालूनच शाळेत गेला. बूट न घालता आलेली तीन मुले होती. सरांनी तिघांना मैदानाचे दहा राऊंड सांगितले. तिसऱ्या-चौथ्या राऊंडला याची छाती भरून आली. पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारले, तर "आधी राऊंड पुरे कर" असे उत्तर मिळाले. सातव्या राऊंडला तो खाली बसला. नाटक करतोय असे सरांना वाटले. मुले हसली. त्या हसण्याला भिऊन तो पुन्हा उठला आणि उरलेले राऊंड त्याने चालत पुरे केले.

घरी आला तेव्हा काही बोलला नाही. रात्री अकराच्या सुमारास म्हणाला, "बाबा, पाय लय दुखून रायले." मग कंबर, मग पाठ. एकच्या सुमारास तो इतका विव्हळू लागला की शेजारचे उठून आले. शेजारच्या भाऊंनी ऑटो काढला आणि आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले. सलाईन, इंजेक्शने, ऑक्सिजन. चार दिवस तो तिथे होता.

डॉक्टरीण बाईंनी कागद पाहिले आणि विचारले, "याला सिकलसेल आहे हे तुम्हाला माहीत होतं ना?"

होते. तो दीड वर्षाचा असताना हातापायांना सूज आली, तेव्हाच तपासणीत कळले होते. आम्ही दोघेही वाहक आहोत, हेही तेव्हाच कळले.

"मग शाळेला सांगितलं होतं का?"

आम्ही खाली पाहिले. सांगितले नव्हते. सहा-सात वर्षे पोरगा शाळेत जात होता आणि एकाही गुरुजींना आम्ही ही गोष्ट सांगितली नव्हती. पहिलीत नाव घालताना सांगायचे मनात होते, पण घरात आमची आई म्हणाली, "काहून सांगता बापा शाळेत? वस्तीभर होईन. पोरीचं लगन व्हाचं हाये अजून." आम्ही गप्प बसलो. गोळ्या वेळेवर देत होतो, पाणी प्यायला सांगत होतो, थंडीत स्वेटर घालत होतो. घरात सांभाळले की झाले, असे वाटत होते. पण दिवसाचे सहा तास लेकरू घरात नसते, हे ध्यानात आले नाही.

सिकलसेल म्हणजे काय, हे आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून माहीत आहे. तरी थोडक्यात सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात, त्यामुळे बारीकातल्या बारीक नळीतूनही त्या वाकून पुढे सरकतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. त्या नळीत अडकल्या की पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तिथे जीवघेणी वेदना सुरू होते. चांगली पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून अशा मुलांच्या अंगात रक्त नेहमीच कमी असते.

या पेशी वाकड्या व्हायला निमित्त लागते. अंगातले पाणी कमी होणे, दम लागून शरीराला ऑक्सिजन कमी पडणे, ताप येणे, थंडी बाधणे, ही त्यातली नेहमीची निमित्ते. आता त्या दिवशीचा पीटीचा तास आठवून पाहा. दुपारचे ऊन, पाणी नाही, आणि न थांबता राऊंड. जे जे टाळायचे, ते सगळे एका तासात जमून आले होते.

हा रोग कुणाच्या पापाचा नाही आणि एका जातीचाही नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन, आणि पूर्ण निरोगी असण्याची चारांत एक असते. आफ्रिकेत, अरब देशांत, ग्रीस-इटलीतही हा रोग आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचा जोर होता, तिथे तो जास्त सापडतो, कारण वाहक माणसाला हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. आपल्याकडे १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिले. विदर्भात आदिवासी बांधवांत आणि आपल्या समाजात तो पुष्कळ घरांत आहे. पुष्कळ घरांत असूनही दारे लावून ठेवलेला आहे. प्रत्येक घराला वाटते, आपल्याच घरी आहे.

दवाखान्यातून सुटी झाल्यावर आम्ही शाळेत गेलो. खरे सांगायचे तर भांडायलाच गेलो होतो. वस्तीतले दोघे-तिघे सोबत होते. सरांना बोलावले. आमचे सगळे बोलून झाल्यावर ते म्हणाले, "माझ्यापुढे एका तासाला साठ मुलं असतात. कुणाला काय आहे, ते मला कोण सांगतं? माहीत असतं तर मी त्याला एक राऊंडही मारू दिला नसता."

त्यांचे अर्धे खरे होते, म्हणून ते आम्हाला लागले. पण घरी येताना दुसरा अर्धा भाग मनात घोळत राहिला. समजा, आमच्या पोराला सिकलसेल नसता. तरी ऑक्टोबरच्या उन्हात, जेवणानंतर लगेच, बुटांपायी दहा राऊंड आणि पाण्याला नकार, हे बरोबर होते काय? त्याच्यासोबत धावलेल्या दोन मुलांना काही झाले नाही, म्हणून ते बरोबर ठरत नाही. साठ मुलांत कुणाला दमा असेल, कुणाच्या हृदयात छिद्र असेल, कुणाला फिट येत असेल. एखादी मुलगी पाळीच्या दुसऱ्या दिवशी पोट धरून उभी असेल आणि पुरुष शिक्षकांपुढे तिला तोंड उघडता येत नसेल. एखादे पोर सकाळपासून उपाशी असेल. यातले काहीच चेहऱ्यावर लिहिलेले नसते. म्हणून मैदानाचा नियमच असा हवा की न सांगितलेल्या मुलालाही त्यात धोका होऊ नये.

याचा एक दाखला दूरच्या देशातला आहे, पण आपल्या कामाचा आहे. अमेरिकेत काळ्या लोकांमध्ये सिकलसेलचे वाहक बरेच आहेत. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो एरवी धडधाकट असतो. तरीही तिथल्या सैन्यातल्या नव्या जवानांची पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा असे दिसले की कसरत करताना अचानक मरण येण्याचा धोका काळ्या जवानांपैकी वाहकांना इतरांपेक्षा सुमारे २८ पट होता. पुढे सैन्याने उन्हातल्या कसरतीसाठी सगळ्यांनाच लागू होणारे नियम कडक केले: ठरावीक वेळाने पाणी, ठरावीक वेळाने विसावा, ऊन पाहून कसरत कमी-जास्त करणे, नव्या माणसाला हळूहळू सवय लावणे. त्यानंतर २०१६ साली सुमारे ४८ हजार काळ्या सैनिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत वाहक आणि इतर यांच्या मरणाच्या प्रमाणात लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. अति श्रमाने स्नायू तुटण्याचा धोका मात्र वाहकांना दीडपट होता, म्हणजे सावधगिरी सोडून चालणार नाहीच. पण पाणी, विसावा आणि सावली यांना पैसा लागत नाही, हे आपण ध्यानात ठेवावे. जे सैन्याला जमले ते शाळेला जमणार नाही काय?

आता आमच्या दुसऱ्या चुकीकडे येतो. ती अर्धी शाळेची, अर्धी आमची. सगळे कळल्यावर शाळेने सांगितले, "आजपासून हा पीटीला येणार नाही, वर्गात बसेल." आम्हाला हायसे वाटले. आठ-दहा दिवस तसे गेले. एक दिवस पोरगा घरी आला, दप्तर टाकले आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागला. मुले खाली कबड्डी खेळतात आणि तो वरच्या खिडकीतून एकटा बघत बसतो. वर्गात कुणीतरी त्याला "बिमारी" असे नाव पाडले होते. त्याने आईला विचारले, "मले मैदानात जाऊ देत नाई, तर मी शाळेत काहून जाऊ?"

आम्ही पुन्हा डॉक्टरीण बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "खेळू नये असं मी कधी म्हटलं? त्याने खेळावं. झेपेल तेवढं खेळावं, दमला की थांबावं, मधून मधून पाणी प्यावं. शिक्षा म्हणून धावणं नको, घड्याळ लावून शर्यत नको, भर उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत मैदान नको. एवढं सांभाळलं तर व्यायाम त्याला चांगलाच आहे." त्यांनी हे सगळे चिठ्ठीवर लिहून दिले आणि सही-शिक्का केला.

ती चिठ्ठी घेऊन आम्ही मुख्याध्यापिका बाईंना आणि पीटीच्या सरांना भेटलो. या वेळी सोबत कुणी नव्हते आणि आवाजही चढला नव्हता. सरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "म्हणजे तो थांबतो म्हणाला की थांबू द्यायचं, एवढंच ना?" असे त्यांनी विचारले. हो, मुख्यतः एवढेच. आता तो कबड्डी खेळतो. दम लागला की बाहेर येतो आणि गुण लिहितो. एक-दोनदा घरी येऊन पाय दुखल्याचे म्हणाला, पण दवाखान्यात राहण्याची पाळी पीटीमुळे पुन्हा आली नाही.

घरातली गोष्टही सांगून टाकतो. शाळेला लेखी कळवायचे ठरले, तेव्हा आईने पुन्हा पोरीच्या लग्नाचा विषय काढला. मुलगी तिथेच बसली होती. ती म्हणाली, "आजी, माझ्या लग्नापायी त्याचा जीव घालवतं का? मले बी तपासाले न्या." इतकी वर्षे आम्ही तिची तपासणीच टाळली होती. ती वाहक निघाली. आता तिच्या सोयरिकीच्या वेळी मुलाचीही तपासणी मागायची, असे तिनेच ठरवले आहे. ज्या घराला हे विचारलेले चालणार नाही, त्या घरी तिला जायचे नाही. आई चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी नातवाच्या पाण्याची बाटली तिनेच भरून दिली.

आमच्या चुकीतून इतरांना उपयोग व्हावा, म्हणून पालकांनी काय करावे ते क्रमाने लिहितो.

१. मुलाला सिकलसेल, दमा, हृदयाचा विकार, फिट, अशी काही तक्रार असेल तर दरवर्षी जूनमध्ये वर्ग बदलला की मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. डॉक्टरांची चिठ्ठी जोडा. अर्जाची एक प्रत पोच घेऊन घरी ठेवा. वर्गशिक्षक आणि पीटीचे शिक्षक या दोघांनाही प्रत्यक्ष भेटा.

२. अर्जात काय नको ते लिहा, तसेच काय चालेल तेही लिहा. नाहीतर मुलाला तासभर वर्गात कोंडून ठेवणे हाच सोपा उपाय शाळेला वाटतो.

३. मुलाच्या दप्तरात पाण्याची बाटली असावी, आणि पीटीच्या तासाला ती त्याच्याजवळ असावी. पाणी पिण्यासाठी परवानगी मागावी लागू नये, एवढी गोष्ट शाळेकडून मान्य करून घ्या.

४. सिकलसेलच्या मुलाला मैदानावर हातपाय, पाठ किंवा छाती दुखू लागली तर लगेच बसवावे, सावलीत न्यावे, पाणी पाजावे. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये. थंडीने त्रास वाढतो. छातीत दुखणे, धाप लागणे, ताप, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे, पोट एकाएकी फुगणे, यातले काही दिसले तर घरी पाठवू नये. १०८ ला फोन करून थेट दवाखान्यात न्यावे. हे शिक्षकांना कागदावर लिहून द्या.

५. मुलाला "दमलो, थांबतो" असे म्हणायला शिकवा. मित्र हसले तरी थांबायचे, हे त्याला घरातून कळले पाहिजे. आमच्या पोराला हे कुणी सांगितले नव्हते.

६. ज्यांच्या घरी अजून तपासणी झाली नाही त्यांनी ती करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात विचारा. आधी रक्ताची साधी चाचणी होते, संशय आला तर पुढची पक्की चाचणी करतात. २०२३ च्या १ जुलैपासून देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आहे. शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आता कायद्याचे दोन शब्द. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे. त्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देण्यास बंदी आहे. राऊंड, उठाबशा, कोंबडा, उन्हात उभे करणे, हे "व्यायाम" म्हणून खपवता येत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे असे म्हटले आहे. शंभराहून जास्त मुले असलेल्या उच्च प्राथमिक शाळेत शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही असावा, असेही त्यात आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेलचा समावेश आहे, आणि अशा मुलाला त्याच्या गरजेप्रमाणे सोय करून देऊन सर्वांबरोबर शिकवणे आणि खेळू देणे हे शाळेचे काम आहे. शाळेत किंवा खेळताना अपघात झाला तर महाराष्ट्रात राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. तिचा अर्ज मुख्याध्यापकांमार्फत जातो. दवाखान्याची कागदपत्रे आणि बिले जपून ठेवा.

आणि शाळा व्यवस्थापन समिती विसरू नका. सरकारी आणि अनुदानित शाळांत ही समिती असते, तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. आपल्यापैकी कितीजण त्या समितीत आहेत? सभा असते त्या दिवशी रोजी बुडते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी वस्तीतून एकाने तरी जावे, आणि बाकीच्यांनी त्याच्या हाती आपले म्हणणे द्यावे. आमच्या शाळेत आम्ही तिघा पालकांनी मिळून तीनच गोष्टी मागितल्या: उन्हाळ्यात आणि ऑक्टोबरमध्ये पीटीचा तास सकाळच्या पहिल्या दोन तासांत घ्यावा, मैदानाजवळ पिण्याच्या पाण्याचा पिंप असावा, आणि धावण्याची शिक्षा बंद व्हावी. तास बदलायला पुढचे वर्ष उजाडले. पिंप महिन्याभरात आला. शिक्षेबद्दल सभेत मुख्याध्यापिका बाईंनी शब्द दिला आणि तो इतिवृत्तात लिहून घेतला.

एक गोष्ट शेवटी सांगतो. भीतीने मुलाला मैदानावरून घरी आणू नका. मुलीला तर मुळीच नको. तिचे खेळणे आपण आधीच लवकर बंद करतो. आपल्या लेकरांनी धावावे, पडावे, गुडघा फोडून घ्यावा, पुन्हा उठावे. आपण फक्त पाहायचे, की पाणी जवळ आहे, सावली जवळ आहे, आणि "थांबतो" म्हटल्यावर ऐकणारे माणूस तिथे आहे.

ते माणूस तयार करायचे तर आधी आपल्याला बोलावे लागेल. आमच्याकडून सहा-सात वर्षे उशीर झाला. तुमच्याकडून होऊ नये.

विहारात रविवारी जमाल, तेव्हा हा विषय काढा. वस्तीतल्या किती मुलांना काय त्रास आहे, शाळेला ठाऊक आहे की नाही, याची आपसांत मोकळी चर्चा करा. तुमच्या शाळेतल्या मैदानाचे बरे-वाईट अनुभव आम्हाला पत्राने कळवा; पुढे याच सदरात त्यांचा विचार करू.

सर्वांना सप्रेम जयभीम.